पाणअळीव कच्चा खायचा की शिजवून? जांबोटीकडच्या एका व्हाळाचं प्रकरण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अक्काचा फोन आला. "तुझ्या भाच्यानं मागच्या व्हाळात काय तरी लावून ठेवलंय. बुट्टीभर झालंय आता. तोंडात घातलं की मुळ्यागत झणझणतंय. ये, बघून जा, आणि जेवायलाच ये."

मी गुरांचा डॉक्टर. कर्नाटकाच्या पशुसंगोपन खात्यात 31 वर्षं काढली. रिपोर्ट कन्नडमध्ये लिहायचे, गोठ्यात मराठी बोलायचं आणि घाटाकडं गेलं की अर्धी कोकणी. निवृत्त झालो तरी माणसं पाला, बी, कुत्र्याची उलटी, काहीही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाखवायला आणतात. त्यामुळे अक्काच्या बोलण्यातलं "बघून जा" आधी ऐकू आलं आणि "जेवायला ये" नंतर.

अक्काचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर, एका लहान गावात. गावाचं नाव लिहीत नाही. घरामागं भाताची खाचरं, खाचरांच्या कडेनं व्हाळ. पावसाळ्यात तो अंगावर येतो, पण दिवाळीनंतर गुडघ्याखाली उतरतो आणि मार्चपर्यंत बारीक धारेनं वाहत राहतो. असले शेकडो व्हाळ या पट्ट्यात आहेत. मलप्रभा कणकुंबीलाच उगवते, त्यामुळे इथल्या माणसाला पाण्याचं कौतुकही असतं आणि ते स्वच्छच असणार असा एक आंधळा विश्वासही असतो.

भाचा इंग्लंडात हँपशरमध्ये चार वर्षं नोकरीला होता. तिथं त्याला वॉटरक्रेसची, म्हणजे उथळ वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या एका तिखट पालेभाजीची, चटक लागली. ऑक्टोबरच्या शेवटी बेंगळुरूच्या एका मोठ्या दुकानात त्याला एक जुडी मिळाली. अर्धी खाल्ली, उरलेली पाण्याच्या पेल्यात ठेवली. आठवड्यात प्रत्येक पेरातून पांढरी मुळं फुटली. ती कांडं त्यानं गावी आणून व्हाळाच्या उथळ काठाला, दोन दगडांच्या मध्ये चिखलात खोचली. एवढंच केलं. अडीच महिन्यांत दोन खाटा मावतील एवढा हिरवागार गालिचा झाला.

मी पोचलो तेव्हा भाचा पँट वर दुमडून पाण्यात उभा होता. "मामा, हे बघा. खास तुमच्यासाठी ठेवलंय."

वनस्पतीबद्दल शंका नव्हती. पोकळ, किंचित कोनी दांडा. पान एकसंध नाही, दांड्याच्या दोन्ही बाजूंना गोलसर पर्णिका आणि टोकाची सगळ्यांत मोठी. पाण्याला टेकलेल्या पेरांना मुळांचे पांढरे झुपके. एका बाजूला फुलं येऊ लागली होती, पांढरी, चार पाकळ्यांची, मोहरीच्या फुलासारखी मांडणी पण आकार अगदी बारीक. चुरगळून वास घेतला तर मोहरी आणि मुळ्याची कोवळी डिंगरी. हे मोहरीच्याच कुळातलं. बाळंतिणीच्या लाडवात जो अळीव घालतात तोही त्याच कुळातला. अक्काला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे पाण्यातला अळीव की." तेव्हापासून घरात त्याचं नाव पाणअळीव. मराठीत याला जुनं घरगुती नाव असल्याचं माझ्या कानावर नाही, कारण झाड मुळात इथलं नव्हे, युरोप आणि पश्चिम आशियाकडचं. म्हणून अक्काचंच नाव चालवतो.

पाटावर बसलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, दाण्याची चटणी, दही आणि ताटाच्या कडेला हिरव्या कोवळ्या शेंड्यांचा ढीग. आमचं आजोळ हुक्केरीकडचं. तिकडं भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, हक्करकी ताटात लागतेच. हक्करकी म्हणजे आपली पाथरी. त्यामुळे हा ढीग त्या ताटात अजिबात परका दिसत नव्हता. उलट कुणीतरी शोभेल असाच वाढला होता.

मी भाकरी मोडली आणि पाल्याला हात लावला नाही.

"का गा? मिठाच्या पाण्यानं तीनदा धुतलाय," अक्का म्हणाली.

"वरच्या अंगाला म्हशी बसतात काय?"

"बसतात की. गवळ्यांच्या. त्यात काय?"

भाचा हसला. "मामा, इंग्लंडात सगळे कच्चाच खातात. सँडविचमध्ये घालून."

तो चूक नव्हता. अक्काही चूक नव्हती. तिचा पुढचा सवाल तर मला अजून टोचतो. "आणि आपण एकपानी कच्ची वाटून तंबळी करतोय ती? ती ह्याच बांधावरची. तेव्हा तू दोन वाट्या पितोस." एकपानी म्हणजे ब्राह्मीचा पाला, आणि तो कच्चाच वाटून ताकात कालवला की तंबळी. याला माझ्याकडं त्या वेळी उत्तर नव्हतं. जेवण झालं, सुपारी तोंडात टाकली आणि मी भाच्याला म्हटलं, "चल, जरा वर जाऊन येऊ."

वरच्या अंगाला

व्हाळाच्या कडेनं वर चालायला लागलं की पहिल्या शंभर पावलांत काही दिसत नाही. करंजाची सावली, गुळगुळीत दगड, नितळ पाणी. फोटो काढावा असं. मग वळण येतं आणि तिथं पाणी पसरून एक डोह होतो. डोहात सात म्हशी नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून बसल्या होत्या. काठाला शेण, शेणात खुरांचे खड्डे, खड्ड्यांत साचलेलं पाणी. पाणअळीवाच्या गालिच्यापासून अंतर फार तर तीनशे मीटर.

मी खाली बसून त्या खुरांच्या खड्ड्यांत बोटं घातली. भाच्याला वाटलं म्हातारा घसरला. दोन मिनिटांत तळहातावर पाच-सहा गोगलगाई जमल्या. त्यातली एक चपटी, गुंडाळलेल्या दोरीसारखी. ती वेगळी जात. बाकीच्या टोकदार, पातळ कवचाच्या, मधाळ तपकिरी. गोगलगाय टोक वर करून, तोंड आपल्याकडं येईल अशी धरायची. तोंड उजव्या हाताला उघडलं तर ती बहुधा लिम्निया, गुरांच्या यकृतातल्या कृमीची अळी जिच्यात वाढते ती. डाव्या हाताला उघडलं तर दुसरी. माझ्या हातातल्या सगळ्या उजव्या.

नंतर परत येऊन गालिच्यातली पानं उलटून पाहिली. दोन पानांच्या खालून चकचकीत जेलीचा लांबट ठिपका, त्यात बारीक दाणे. गोगलगाईची अंडी. म्हणजे ती फक्त डोहातच नव्हती, भाजीतही घर करून होती.

आता एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. लिम्निया आहे म्हणजे रोग आहे असं नव्हे. त्यासाठी म्हशींच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं.

गवळीवाड्यातले आजोबा मला ओळखत होते. धनगर गवळ्यांची या जंगलपट्ट्यात पिढ्यान्पिढ्या म्हशींवरच गुजराण. "डाक्टर, ही म्हातारी बघा तुम्ही," असं म्हणत त्यांनी स्वतःहून एक म्हैस पुढं केली. जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबत होती, केस राठ, दूध आटलेलं. सकाळी कमी आणि चरून आल्यावर जास्त लोंबते असंही ते म्हणाले. असली सूज बघितली की मला आधी यकृतकृमीच आठवतात. इतर कारणंही असतात, पण या पाण्यात, या गोगलगाईंबरोबर?

चौदा म्हशींपैकी नऊंचं ताजं शेण घेतलं. घरी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, निवृत्तीच्या वेळी स्वतःच्या पैशानं घेतलेला. दोन-तीन ग्रॅम शेण पेलाभर पाण्यात कालवायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं (ती गाळणी मग परत स्वयंपाकघरात जात नाही, बायकोनं त्यावर लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय), पाच मिनिटं थांबायचं, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा भरायचं. वरचं पाणी निवळशंख होईपर्यंत हेच करायचं. यकृतकृमीचं अंडं जड, ते तळाला बसतं. त्या गाळात मिथिलिन ब्लूचा एक थेंब. चोथा निळा होतो, अंडं रंग घेत नाही. निळ्या कचऱ्यात मधाच्या थेंबासारखं सोनेरी, एका टोकाला झाकण असलेलं अंडं दिसलं की दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नाही. पोटातल्या दुसऱ्या एका चपट्या कृमीची अंडी अशीच मोठी असतात, पण ती पांढरट दिसतात, म्हणून तर हा निळा थेंब.

नऊपैकी चार पेले सोनेरी निघाले.

पानावर काय बसतं

भाच्याला मी ते सूक्ष्मदर्शकातून दाखवलं आणि पुढचं सगळं त्याच रात्री सांगितलं. म्हशीच्या पित्तनलिकेत कृमी राहतो. आपल्याकडं बहुतेक वेळा फॅसिओला जायगँटिका, चांगला तीन इंचांपर्यंत वाढणारा, पानासारखा चपटा. त्याची अंडी पित्तातून आतड्यात, आतड्यातून शेणात, शेणातून पाण्यात. पाणी उबदार असलं की दीड-दोन आठवड्यांत अंड्यातून पोहणारी अळी निघते आणि तिला काही तासांतच लिम्निया सापडावी लागते, नाहीतर ती मरते. सापडली की गोगलगाईच्या आत तिची वाढ होऊन एकीच्या शेकडो होतात. दीड-दोन महिन्यांनी त्या शेपटीवाल्या अळ्या पाण्यात सुटतात, जवळच्या हिरव्या काडीला चिकटतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. तो कोश पाव मिलिमीटरच्या आसपास. चष्मा लावून, उन्हात, काळ्या कागदावर कदाचित ठिपका दिसेल. पाण्याच्या पातळीलगतच्या देठावर आणि पानाच्या खालच्या बाजूला ते जास्त असतात. थोडे पाण्यावर तरंगतातही, म्हणून असलं पाणी नुसतं प्यायलं तरी धोका असतो.

तो कोश म्हशीनं खाल्ला तर म्हशीत, माणसानं खाल्ला तर माणसात. आतड्यात कवच फुटतं, पिल्लू आतड्याची भिंत भोकसून पोटाच्या पोकळीत उतरतं, तिथून यकृताच्या बाहेरून आत शिरतं आणि आठवडेच्या आठवडे ते पोखरत पित्तनलिकेकडं जातं. या काळात ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगावर पित्ताच्या गांधी, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. पित्तनलिकेत पोचून मोठं व्हायला तीन-चार महिने. तोपर्यंत शौचात अंडी येतच नाहीत, त्यामुळे तपासणी केली तरी "काही नाही" असा निरोप मिळतो.

जुन्या बैलाचं यकृत शवविच्छेदनात कापताना सुरी कर्र वाजते. पित्तनलिकेच्या भिंतीत चुना साचून त्या नळीसारख्या कडक झालेल्या असतात. हा आवाज मी नोकरीत किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. भाकरीच्या कडेला तो ढीग बघितल्यावर मला तो आवाजच आधी आठवला, बाकीचं शास्त्र मागनं.

माणसात हा आजार आपल्याकडं क्वचित दिसतो हेही त्याला सांगितलं. घाबरवून काही साधत नाही. पण जगात तो क्वचित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 70 पेक्षा जास्त देशांत मिळून निदान 24 लाख माणसं बाधित आहेत. इराणच्या कॅस्पियन काठच्या गिलान प्रांतात 1989 च्या साथीत 10,000 च्या वर लोकांना लागण झाली होती. आणि ज्या हँपशरचं तो मला सांगत होता, तिथंसुद्धा रानटी वॉटरक्रेस खाऊन माणसं आजारी पडल्याचं 1960 च्या सुमारास ब्रिटिश डॉक्टरांनी लिहून ठेवलंय.

"मग ते सँडविच?" त्यानं विचारलं.

ते सँडविच वाफ्यातलं. इंग्लंडात 1808 साली केंट परगण्यात स्प्रिंगहेड इथं विल्यम ब्रॅडबरीनं पहिल्यांदा वॉटरक्रेसची व्यापारी लागवड केली, ती झऱ्याच्या पाण्यावर. पुढं हँपशरच्या चुनखडीच्या प्रदेशात हा धंदा एवढा वाढला की ऑल्सफर्डहून पूर्वी लंडनला माल नेणाऱ्या आगगाडीच्या मार्गालाच लोक वॉटरक्रेस लाइन म्हणतात. तिथं जमिनीखालून वर येणारं दहा-अकरा अंश सेल्सिअसचं पाणी थेट वाफ्यात सोडतात आणि गुरं वाफ्यापर्यंत येणार नाहीत याची काळजी घेतात. झाड तेच, चव तीच. फक्त वाफ्याच्या वरच्या अंगाला म्हैस नाही.

मीठ, व्हिनेगर, गुलाबी पोटॅशियम परमँगनेट याबद्दल घरात बरीच चर्चा झाली. माझं मत एवढंच की धुण्यानं चिखल, किडे, जळवा आणि बारीक गोगलगाई जातात. कोश देठाला घट्ट चिकटलेला असतो, तो धुण्यानं जातो असं मी माझ्या बहिणीला सांगणार नाही. उकळत्या पाण्यात मात्र तो टिकत नाही.

आधीच खाल्लेल्याचं काय

भाच्यानं कच्चा पाला दोनदा खाल्ला होता, अक्कानं एकदा चिमूटभर. दाजींनी हातही लावला नव्हता, त्याचं कारण पुढं येईल. मी माणसांचा डॉक्टर नव्हे, म्हणून खानापूरला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. सोबत एक चिठ्ठी दिली: काय खाल्लं, कधी खाल्लं, वरच्या म्हशींच्या शेणात काय सापडलं. डॉक्टरांनी उगाच गोळ्या दिल्या नाहीत. लक्षणं काय बघायची ते सांगितलं, रक्त तपासलं आणि सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. माणसासाठी ट्रायक्लाबेंडाझोल हे औषध आहे, पण ते निदानानंतर, अंदाजानं नव्हे, असं ते म्हणाले आणि मला ते पटलं. दोघांच्याही इओसिनोफिल पेशी तिन्ही वेळा मर्यादेत राहिल्या. एप्रिलच्या शेवटच्या रिपोर्टनंतर अक्कानं मला पहिल्यांदा शांतपणे विचारलं, "तेवढं मोठं काम होतं काय रे ते?"

दाजींचं वेगळं. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ राहण्याची गोळी रोज चालू असते. पाणअळीवात व्हिटॅमिन के भरपूर, 100 ग्रॅमला 250 मायक्रोग्रॅम, आणि त्यांची ती जुन्या पद्धतीची गोळी नेमकी याच व्हिटॅमिनच्या विरुद्ध काम करते. त्यांच्या डॉक्टरांनी पालेभाजी बंद केलेली नाही, फक्त आठवड्याचं प्रमाण बदलू देऊ नका असं सांगितलंय. एका आठवड्यात ढीगभर आणि दुसऱ्या आठवड्यात शून्य, असं त्यांना चालत नाही. सोमवारी एक वाटी आणि गुरुवारी एक वाटी असं त्यांचं मेथीचं वेळापत्रक अक्काला पाठ आहे. मेथीच्या जागी पाणअळीव आला तर मेथी वजा, एवढी बेरीज ती करते.

गालिच्याचं काय केलं

फेकून द्यायचा माझा विचार होता. अक्काला पाला फेकवत नाही. शेवटी ठरलं की उभं आहे ते शिजवून संपवायचं आणि मग व्हाळातून मुळासकट काढायचं, कारण एवढ्या झपाट्यानं वाढणारं परकं झाड मलप्रभेच्या डोक्यावर सोडून देणं मला बरं वाटत नव्हतं.

काढणी मी भाच्यालाच करायला लावली. सकाळी, ऊन चढायच्या आत, कात्रीनं, पाण्याच्या वर चार बोटं सोडून. वीतभर कोवळा शेंडा तेवढा घ्यायचा. दांडा ताजा असला की कात्री लागताना कट्ट आवाज येतो, निबर असला की धागा ओढला जातो. फुलं आलेली बाजू घेतली नाही. ती कडवट होते. हातानं उपटलं तर मुळं, चिखल आणि गोगलगाई सगळं बुट्टीत येतं, म्हणून उपटायचं नाही. काढलेला पाला सुकू द्यायचा नाही; ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायचा आणि त्याच दिवशी करायचा. दुसऱ्या दिवशी पानं पिवळी पडतात आणि वासाला मुळ्याच्या पाल्याची शिळी कळा येते.

मग परातीत पाणी, पाला सुटा करून बुडवायचा, वर उचलायचा, पाणी ओतायचं. उचलायचा पाला, ओतायचं पाणी. उलटं केलं तर तळाची माती परत पाल्यावर बसते. हे चारदा. प्रत्येक पान उलटून जेलीचा ठिपका दिसला तर ते पान बाजूला. आणि हे सगळं होईपर्यंत त्याच विळीवर काकडी चिरायची नाही, त्याच परातीत कोशिंबीर नाही. अक्का यावर चिडली. "आता मला विळी शिकव." पण तिनं पाणअळीवासाठी जुनी विळी काढून ठेवली.

शिजवण्याचा प्रश्न वेगळाच निघाला. या पाल्याची सगळी मजा त्याच्या झणझणाटात, आणि तो तिखटपणा पान चावल्यावर, चिरल्यावर तयार होतो, मोहरीसारखाच. उकळत्या पाण्यात घातलं की दोन मिनिटांत पालक आणि हा, फारसा फरक उरत नाही. पहिल्या दिवशी अक्कानं गरगटा केला. तुरीची डाळ, पाला, हिरवी मिरची एकत्र शिजवून रवीनं घोटलं, वरून लसणाची फोडणी. सगळ्यांनी खाल्लं, कुणी काही बोललं नाही. भाच्याचा चेहरा उतरला होता. चार वर्षं ज्या चवीची आठवण काढली ती चव डाळीत बुडून गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः सूप केलं, बटाटा, कांदा, दूध घालून, तिथं करतात तसं. बरं झालं, पण दाजींनी ते "आजाऱ्याचं खाणं" म्हणून बाजूला सारलं. चिनी लोक याचं सूप डुकराच्या हाडांबरोबर दोन-तीन तास उकळतात; भाच्यानं ते बोलून दाखवलं आणि अक्कानं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

जमलं ते तिसऱ्या दिवशी. पाला भरपूर पाण्यात पाच मिनिटं रटरटू दिला, ते पाणी ओतलं, पाला घट्ट पिळला. कढईत तेल, मोहरी जरा जास्तच, लसूण ठेचून, सुकी मिरची. त्यावर पिळलेला पाला आणि मूठभर दाण्याचं कूट. मग अक्कानं गॅस बंद करून अर्धा चमचा मोहरी पाट्यावर पाण्याचा शिपका मारून वाटली आणि कच्चीच वरून कालवली. पाल्यातला गेलेला झणझणाट त्याच कुळातल्या दुसऱ्या बियाण्यानं परत आला. नाकात गेला. भाच्यानं डोळे पुसले. "हां आई, हे तसलंच लागायलंय."

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

टाकीतला पाणअळीव

कच्चं खायची हौस मात्र राहिलीच होती आणि ती मारायचं मला काही कारण दिसत नव्हतं. घरामागं गुरांना पाणी पाजायची एक जुनी सिमेंटची टाकी होती, गाय विकल्यापासून कोरडी. ती खरवडली, चुना मारला, आठवडाभर कडक उन्हात ठेवली. व्हाळातली मुळं लावायची नाहीत हे ठरलेलं. फक्त पाण्याच्या वरचे, बोटभर लांबीचे शेंडे घेतले, एकेक पान भिंगाखाली तपासलं आणि खिडकीत पेल्यात ठेवले. नवीन मुळं आली की तो शेंडा पुन्हा छाटून पुन्हा पेल्यात. दोन वेळा असं केल्यावर व्हाळातल्या पाण्याला कधी टेकलेला एकही तुकडा उरला नाही. टाकीत तळाला धुतलेली वाळू, वर विहिरीचं पाणी, आणि पंपाची बारीक धार दिवसातून दोनदा, पाणी साचून राहू नये म्हणून. विहिरीला उंच कठडा आणि जाळी आहे, ते आधी बघून घेतलं. व्हाळाची बादली या टाकीत ओतायची नाही, एवढा एकच नियम. तो मोलकरणीलाही सांगितला आणि शेजारच्या पोरांनाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस टाकीतला पहिला कच्चा शेंडा मी खाल्ला. आधी गोड, मग एकदम नाकात. चांगला लागतो. एवढ्या खटाटोपाच्या लायकीचा आहे की नाही हे मला विचाराल तर मी कोवळी डिंगरी घेईन, पण भाच्याला तसं बोललो नाही. मार्चच्या मध्यावर ऊन तापलं तशी सगळी फुलावर गेली, पानं लहान आणि कडू झाली. झाड थंड पाण्याचं, आपला उन्हाळा त्याला सोसत नाही. एप्रिलमध्ये टाकी रिकामी केली.

म्हशींना औषध दिलं. पोटातले मोठे आणि लहान कृमी एकाच औषधानं जातीलच असं नसतं, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा शेण तपासलं. चारपैकी तीन पेले स्वच्छ. चौथा त्याच म्हातारीचा, अजून सोनेरी दाणे. डोहाभोवती काटेरी कुंपण घालून पाण्यासाठी वेगळा हौद करावा असं मी आजोबांना सुचवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हौद करतो डाक्टर, पण तिला कोण सांगणार? तिला तिथंच बसायची सवय."

अक्कानं एकपानी व्हाळाच्या बांधावरून आणायची सोडली. आता परसात मोरीच्या पलीकडं, विहिरीच्या पाण्यावर एक फुटकी कळशी भरून लावलीय. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा तंबळी होती. वाटी पुढं करत म्हणाली, "घे. कळशीतली आहे."